नोकरी-घर सांभाळून पोहण्याचा सराव: आधी काय, नंतर काय

दर वर्षी जानेवारीत आणि पुन्हा मे महिन्याच्या सुट्टीत तलावावर मोठ्या माणसांची नवी भरती होते. पहिले दोन आठवडे रोज हजेरी. तिसऱ्या आठवड्यात खांदा धरतो किंवा ऑफिसात ऑडिट लागतं, आणि मिरगाचा पाऊस सुरू होईपर्यंत पास पाकिटात तसाच पडून असतो. यात दम कमी पडला असं क्वचितच होतं. क्रम उलटा लागलेला असतो. आधी तीन महिन्यांचे पैसे भरले, मग महागातला गॉगल घेतला, मग लॅप मोजायला सुरुवात केली, आणि वेळ कुठून काढायचा हा प्रश्न सगळ्यांत शेवटी आला. तो सगळ्यांत आधी यायला हवा.

हा लेख गोव्यातल्या, पाण्यात निदान तरंगता येणाऱ्या, नोकरी-धंदा आणि घर असलेल्या माणसासाठी आहे. अजिबात पोहता येत नसेल तर आधी कोचबरोबर नवशिक्यांच्या बॅचला जा. आणि लहानपणी गावच्या तळीत किंवा नदीत शिकलेल्यांनी 'मला येतं' म्हणून टप्पा ३ ओलांडू नये. सर्वांत जास्त अडतात ते तिथेच.

टप्पा १: पास काढण्याआधी आठवडा मांडा

दोन आठवडे काहीच पोहू नका. फक्त एका कागदावर रोज तीन गोष्टी लिहा: झोपलो किती वाजता, उठलो किती वाजता, आणि दिवसातला कोणता तास खरोखर माझा होता.

मग पोहण्याचा खरा वेळ काढा. तलावावर बॅच पंचेचाळीस मिनिटांची असली तरी तुमचा वेळ तेवढाच जात नाही. पर्वरीहून पणजीतल्या कांपालच्या तलावावर जाणाऱ्याचं गणित बघा: घरातून निघून गाडी लावेपर्यंत २५ मिनिटं, कपडे बदलणं आणि आधीचा शॉवर १०, पोहणं ४५, नंतरचा शॉवर आणि केस कोरडे करणं १५, परतीला ३०. म्हणजे दोन तासांच्या वर. हे आठवड्यातून तीनदा. सव्वासहा तास कुठून येणार हे आधी ठरलं नाही, तर ते झोपेतून जातात. झोप कापून केलेला सराव महिनाभर चालतो, पुढे नाही.

वेळ निवडताना आपल्याकडच्या दिवसाची घडण लक्षात घ्या. सरकारी कार्यालयातल्या माणसाला सकाळ सोपी. दुकानदाराला दुपारी दुकान बंद असतानाचा वेळ मोकळा वाटतो, पण उघड्या तलावावर एप्रिल-मे मधलं दुपारचं ऊन अंगावर घेऊ नये, आणि जेवून लगेच उतरणंही नको. वेर्ण्याच्या कारखान्यांत पाळीनं काम करणाऱ्यांनी वार ठरवू नयेत, पाळी धरून ठरवावं: पहिल्या पाळीत संध्याकाळी, दुसऱ्या पाळीत सकाळी, रात्रपाळीच्या आठवड्यात एकच हलकं सत्र, तेही झोप काढून उठल्यावर. रात्रपाळीहून थेट तलावावर जाऊन मग दुचाकीवरून घरी, हा प्रकार करूच नका.

घरातल्यांशी बोलणं हाही तयारीचाच भाग आहे. मुलांची शाळा सकाळी लवकर भरते. डबा, गणवेश, सोडायला जाणं, हे तुम्ही नसताना कोण करणार? 'ती बघेल' हे उत्तर नव्हे. तुमचे तीन दिवस ठरले तर दुसऱ्या माणसाचेही दोन मोकळे दिवस त्याच कागदावर लिहा. जिथे हे झालं नाही तिथला सराव मी तरी टिकलेला पाहिलेला नाही, मग माणूस कितीही जिद्दीचा असो.

*तपासा:* दोन आठवड्यांच्या कागदावर दर आठवड्याला निदान दोन जागा खरोखर मोकळ्या दिसतात का? नसतील तर तिमाही पास काढू नका. एक महिन्याचा काढा.

टप्पा २: तपासणी, तलाव, सामान

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयाचं काही असेल, कधी फीट आली असेल किंवा कानाचा पडदा फाटलेला असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: 'मी दमेपर्यंत पोहू का?' नुसतं 'व्यायाम करू का' विचारलंत तर उत्तर 'करा' असंच येणार. प्रमाणपत्र तलावावरही लागतं, तेव्हा हे काम एकाच खेपेत उरकतं.

तलाव निवडताना घरापासूनचं अंतर आणि बॅचमधली गर्दी, या दोनच गोष्टी पाहा. कांपालचा तलाव ५० मीटरचा आहे, २०२३च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचं जलतरण तिथेच झालं. पण नवख्या माणसाला ५० मीटर लांबी म्हणजे मध्यावर धरायला काही नाही. पहिले आठवडे उथळ बाजूनं कडेच्या लेनमध्येच राहा. सोसायटीचा किंवा हॉटेलचा दहा-बारा मीटरचा तलाव तंत्र शिकायला उत्तम, अंतर मोजायला निरुपयोगी. तिथे लॅप मोजू नका, मिनिटं मोजा. ज्या बॅचला जाणार त्याच वेळी एकदा नुसतं जाऊन बघा. एका लेनमध्ये आठ माणसं असतील तर तुमचा आराखडा कागदावरच राहील.

सामान मोजकं: अंगाबरोबर बसणारा कॉस्च्युम (जमल्यास दोन, पावसाळ्यात एक वाळत नाही), कॅप, गॉगल, पाण्याची बाटली. गॉगल पट्टा न लावता डोळ्यांवर दाबून पाहा. दोन क्षण तरी चिकटून राहिला तर तो तुमचा. आतून बोटानं किंवा टॉवेलनं पुसू नका, धुकं धरू न देणारा थर निघून जातो. हातात घालायचे पॅडल पहिले सहा महिने घेऊ नका. चुकीच्या हाताला जास्त पाणी ओढायला लावलं की खांदा बिघडतो, एवढंच त्यातून होतं.

टप्पा ३: पहिले तीन आठवडे फक्त श्वास आणि अंगाची रेषा

तळीत शिकलेला माणूस डोकं पाण्याबाहेर ठेवून पोहतो. तिथे ते बरोबरच होतं, समोरचं दिसायला हवं. पण डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि मग प्रत्येक हाताबरोबर आपण आपलंच बुडणारं अंग ओढत राहतो. पंचवीस मीटरवर धाप लागते ती यामुळे. त्याला आपण 'स्टॅमिना नाही' म्हणतो आणि आणखी जोरात हात मारतो.

दुसरं कारण श्वास धरून ठेवणं. तोंड पाण्यात असताना हवा सोडली नाही तर तोंड बाहेर आल्यावर त्या अर्ध्या सेकंदात आधी सोडायची आणि मग घ्यायची, दोन्ही कामं उरतात. घेणं अपुरं होतं. गुदमरल्यासारखं वाटतं ते मुख्यतः आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. म्हणून क्रम असा:

१. छातीभर पाण्यात कठडा धरून उभे राहा. तोंड पाण्यात घालून नाकातोंडातून तीन-चार सेकंद सावकाश बुडबुडे सोडा. तोंड बाहेर, झटकन श्वास, पुन्हा आत. असं सलग वीस वेळा न घाबरता जमेपर्यंत पुढे जायचं नाही.

२. भिंतीला पायानं रेटा देऊन पालथे, हात डोक्यापुढे ताणून नुसते सरका. नजर थेट खाली तळाच्या फरशीवर. पाय बुडत असतील तर पाय मारू नका, हनुवटी थोडी आत घ्या आणि छातीचा भार पुढे टाका.

३. एका कुशीवर, खालचा हात पुढे ताणलेला, वरचा मांडीला चिकटलेला, हलकी किक. किक कमरेपासून, गुडघे जेमतेम वाकलेले. श्वासासाठी डोकं उचलायचं नाही. अंगाबरोबर ते वळतं, एक डोळा पाण्यातच राहतो.

४. आता पूर्ण फ्रीस्टाइल, पंचवीस मीटर, जाणूनबुजून हळू. हात मोजा. प्रौढ माणसाला पंचवीस मीटरला पंचवीसच्या आसपास हात लागत असतील तर ठीक चाललंय. पस्तीस-चाळीस लागत असतील तर पुन्हा पायरी २.

श्वास दोन्ही बाजूंनी घ्यावा की एकाच, यावर तलावावर वाद रंगतात. सुरुवातीला सोयीच्या बाजूनं दर दोन हातांना घ्या. दोन्ही बाजूंची सवय नंतर लावता येते. हवा कमी पडत असताना शैली सुधारत नाही.

*सावधान:* पाण्याखालून एका दमात लांब जाण्यासाठी आधी भराभर खोल श्वास घेणं जीवघेणं आहे. त्यानं कार्बन डायऑक्साइड इतका उतरतो की श्वास घ्यायची ओढ लागण्याआधीच शुद्ध हरपते. चांगले पोहणारेही असे उथळ पाण्यात गेले आहेत. पैजा लावू नका.

*तपासा:* पंचवीस मीटर संपवून भिंतीला हात लावल्याबरोबर एक पूर्ण वाक्य बोलता येतं का? येत नसेल तर टप्पा ४ अजून दूर आहे.

टप्पा ४: एका सत्राची मांडणी

बहुतेक हौशी लोक पाण्यात उतरतात, दमेपर्यंत पोहतात, कठड्याला टेकून गप्पा मारतात, पुन्हा पोहतात. गप्पांना माझा विरोध नाही, पण त्याला सराव म्हणू नये. पंचेचाळीस मिनिटं अशी वाटा:

१. पाण्याबाहेर खांदे आणि घोटे मोकळे करणं: ३ मिनिटं
२. अगदी सोपं पोहणं, कोणताही स्ट्रोक: ७ मिनिटं
३. टप्पा ३ मधल्या दोन पायऱ्या: १० मिनिटं
४. मुख्य काम: २० मिनिटं
५. सावकाश, उताणं किंवा ब्रेस्टस्ट्रोक: ५ मिनिटं

मुख्य काम तुकड्यांत करायचं. सुरुवात पंचवीस मीटरचे आठ तुकडे, प्रत्येकानंतर ३० सेकंद विश्रांती. ते शेवटच्या तुकड्यापर्यंत सारख्याच वेळेत होऊ लागले की ५०चे सहा. मग १००चे चार. विश्रांती भिंतीवरच्या घड्याळावर मोजा, अंदाजानं नको. पहिला तुकडा सर्वांत वेगवान आणि शेवटचा सर्वांत हळू होत असेल तर सुरुवातच जोरात झाली. पुढच्या वेळी पहिला तुकडा मुद्दाम आवरा.

दोनेक महिन्यांनी, १०० मीटर न थांबता सहज होऊ लागल्यावर आणि ४०० मीटर एकदा पुरं करून झाल्यावर, एक चाचणी घ्या. चांगलं गरम होऊन ४०० मीटर जमेल तितक्या सारख्या वेगानं पोहा, वेळ लिहा. दहा मिनिटं सोपं पोहून २०० मीटर. दोन वेळांची वजाबाकी करा आणि निम्मी करा. समजा ४००ला १० मिनिटं ४० सेकंद आणि २००ला ५ मिनिटं १० सेकंद लागली. फरक साडेपाच मिनिटं, निम्मे २ मिनिटं ४५ सेकंद. हा तुमचा १०० मीटरचा टिकणारा वेग. मध्यम कामाचे तुकडे या वेगानं, सोपे तुकडे याहून दहा-पंधरा सेकंद हळू. चाचणी दर दीड-दोन महिन्यांनी, त्याच तलावात. २५ मीटरच्या तलावात भिंतीचा रेटा दुप्पट वेळा मिळतो, त्यामुळे तिथला आकडा ५०च्या तलावाशी ताडून पाहू नका.

टप्पा ५: आठवडा आणि चुकलेले दिवस

तीन सत्रं, त्यांची कामं वेगळी. एक तंत्राचं, एक मध्यम वेगाच्या तुकड्यांचं, एक लांब आणि सोपं. लांब सत्र रविवारी सकाळी, मासळी बाजाराच्या आधी ठेवलं तर सहसा मोडत नाही. दोन सत्रांमध्ये एक दिवस सोडा. दर चौथ्या आठवड्याला अंतर साधारण निम्म्यावर आणा, मग दम असो वा नसो. आठवड्याचं एकूण अंतर दर खेपेला थोडंच वाढवा. दहावा हिस्सा म्हणजे भरपूर झालं.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट: चुकलेल्या दिवसाची भरपाई. मंगळवार हुकला म्हणून बुधवार-गुरुवार सलग, किंवा रविवारी दुप्पट, असं करायचं नाही. हुकलेला दिवस गेला. पुढचा ठरलेला दिवस जसाच्या तसा. आठवड्यातली दोन सत्रं झाली तर कमावलेलं टिकतं. एकच झालं तर ते तंत्राचं करा.

खंड मोठा पडला तर असं करा: एक आठवडा गेला असेल तर जिथे सोडलं तिथून. दोन-तीन आठवडे गेले असतील तर अंतर एक तृतीयांशानं कमी करून. महिन्याच्या वर गेलं असेल तर टप्पा ३ची दोन सत्रं करून मग पुढे. जुना आकडा गाठायची घाई खांद्याला महाग पडते.

वेळ अगदीच नसेल त्या दिवसासाठी पंचवीस मिनिटांचं लहान सत्र तयार ठेवा: ५ सोपं, ५ तंत्र, १० तुकडे, ५ सावकाश. 'पूर्ण जमत नाही तर जायचंच नाही' या विचारानं जितके पास वाया जातात तितके आजारपणानं जात नाहीत.

टप्पा ६: खाणं, खांदा, कान

पहाटेच्या बॅचला रिकाम्या पोटी जमत नसेल तर अर्धं केळं पुरे. जड जेवण आणि पोहणं यांत दोन-अडीच तास ठेवा. पोहून आल्यावर भूक सणकून लागते आणि ऑफिसच्या वाटेवर पातळभाजी-पावावर ती भागते. वाईट काही नाही, पण त्यात उसळ असेल असं बघा, किंवा घरून उकडं अंडं न्या. घरी परतणार असाल तर उकड्या तांदळाची पेज याहून चांगलं काही नाही: पाणी, मीठ आणि भात एकत्र. पाण्यातही घाम येतो, दमट हवेत तर जास्तच. बाटली कठड्यावर ठेवा.

खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचत असेल तर हात पाण्यात शिरताना डोक्यासमोरची मध्यरेषा ओलांडतोय का ते कोणालातरी बघायला सांगा. हात खांद्याच्या रेषेत शिरायला हवा. दुखणं दोन आठवड्यांत उतरलं नाही तर फिजिओथेरपिस्ट गाठा, मलम चोळत पोहत राहू नका.

कानात पाणी राहिलं तर डोकं तिरकं करून, बाहेरून टॉवेलनं टिपून काढा. कापसाची काडी नको. ओला कान खरवडला की तिथे जंतू घर करतात, आणि पावसाळ्यात ते लवकर बरं होत नाही. क्लोरीनचा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ, हाही गैरसमज. तो वास बहुधा घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळून येतो. आधीचा शॉवर त्यासाठीच आहे.

टप्पा ७: गोव्याचं वर्ष धरून आखा

दिनदर्शिका समोर घ्या आणि सरावाआधी सुट्ट्या लिहा. चवथीचा (गणेश चतुर्थीचा) आठवडा पूर्ण कोरा: माटोळी, नेवऱ्या, पाहुणे, गावची घरं. त्यात सत्र कोंबलंत तर ना चवथ होते ना सराव. गावची जत्रा, घरातली लग्नं, मुलांच्या परीक्षा. नोव्हेंबरात इफ्फीच्या (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) दिवसांत कांपाल-मिरामार रस्त्यावर गर्दी असते, कार्निव्हलच्या मिरवणुकीच्या दिवशी पणजीत शिरूच नका. स्पर्धांच्या काळात तलाव सरावाला बंद असू शकतो, आधी फोन करा. हे दिवस चौथ्या आठवड्याच्या हलक्या सत्रांशी जुळवले की खंड पडल्यासारखं वाटतही नाही.

पावसाळ्यात उघड्या तलावात पाऊस चालतो, वीज चालत नाही. गडगडाट ऐकू आला की बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात नाही. ओला कॉस्च्युम पिशवीत विसरू नका. साध्या पाण्यात पिळून पंख्याखाली टाका, नाहीतर दोन दिवसांत काळे ठिपके धरतात.

*सावधान:* तलाव बंद म्हणून पावसाळ्यात धबधबा, नदी किंवा पाणी भरलेली चिरेखाण (जांभा दगडाची खाण) हा पर्याय नाही. चिरेखाणीच्या भिंती सरळ तुटलेल्या असतात, बाहेर यायला पाय टेकायला जागा नसते. अशा ठिकाणी उतरण्यावर जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात, ते उगाच नाहीत.

टप्पा ८: समुद्र, सगळ्यांत शेवटी

समुद्र दारात असल्यानं आपण त्याला पहिली पायरी समजतो. तलावात ८०० मीटर न थांबता, सोप्या वेगानं होईपर्यंत अंतर पोहायला समुद्रात जायचं नाही. जून ते सप्टेंबर तर अजिबात नाही.

१. जागा: जिथे जीवरक्षक आहेत तिथेच, आणि लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. पाळोळें किंवा बोगमाळोसारखा आडोशाचा उपसागर सुरुवातीला बरा. नदी-खाडी समुद्राला मिळते ती तोंडं टाळा: बागाची खाडी, मोरजीजवळ शापोरा, मोबोरजवळ साळ, मांडवीचं मुख.

२. वेळ: किनाऱ्यावर जीवरक्षक हजर असतील तेव्हाच. पहाटे अंधारात किंवा सूर्यास्तानंतर नाही. भरती-ओहोटीचा कोकणातला हिशेब, म्हणजे तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती किती वाजता ते कळतं, मुंबईकडे चालतो. गोव्यात भरती त्याआधी येते, म्हणून मुरगाव बंदराचं कोष्टक पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी शांत. पहिल्या खेपा भांगात करा.

३. सोबत: एकट्यानं कधीच नाही. कमरेला बांधायचा नारिंगी तरंगता बोया आणि भडक कॅप हवीच, बोटींना डोकं दिसत नाही. आदल्या रात्रीची उतरली नसेल तर किनाऱ्यावर बसा.

४. मार्ग: किनाऱ्याला समांतर, पाय टेकतील इतक्या जवळून. दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे वर काढून समोरची खूण पाहा, मग श्वास बाजूला. संपूर्ण डोकं उचलाल तर टप्पा ३ची सगळी मेहनत गेली.

५. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नका. तरंगा, हात वर करून जीवरक्षकाला खुणवा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या पट्ट्यातून बाजूला व्हा. मग लाटांबरोबर तिरके या.

जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्या पाण्यानं धुवा, चिकटलेले धागे कार्डाच्या कडेनं किंवा चिमट्यानं काढा आणि जीवरक्षकाकडे जा. श्वासाला त्रास किंवा चेहऱ्यावर सूज असेल तर थेट दवाखाना.

मिरामारला २०१९ मध्ये पहिल्यांदा झालेल्या आयर्नमॅन ७०.३चं (पोहणं, सायकल आणि धावणं सलग असलेल्या शर्यतीचं) पाहून अनेकांच्या मनात १.९ किलोमीटर समुद्रात पोहण्याचं येतं. त्याला मर्यादा ७० मिनिटांची, म्हणजे १०० मीटरला साधारण ३ मिनिटं ४० सेकंद. हा वेग तलावात अवघड नाही. पण समुद्रात रेषा चुकते, गर्दीत लाथा लागतात, भिंत नसते. तलावात तोच पल्ला ५५ मिनिटांत आणि समुद्रात एक किलोमीटर निदान चार-पाच वेळा निवांत झाल्यावरच नोंदणीचे पैसे भरा. तारीख ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते आणि त्याआधीचे चार महिने समुद्र बंद असतो. म्हणून समुद्रातल्या त्या खेपा आदल्या हिवाळ्यात व्हायला हव्यात.